काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांची गोष्ट

परवा बचत गटाची बैठक चालू होती आणि बाहेर ओट्यावर आमच्या मुली खडूनं पट आखून वाघ-बकरी खेळत होत्या. एक ताई म्हणाल्या, "खेळून काय पोट भरतं?" त्यावरून आज एका खेळाची गोष्ट सांगतो.

खेळाचं नाव गो. तो मूळचा चीनचा. दक्षिण कोरियात त्याला बादुक म्हणतात. पटावर 19 उभ्या आणि 19 आडव्या रेघा असतात. एकाच्या सोंगट्या काळ्या, दुसऱ्याच्या पांढऱ्या. रेघा जिथे मिळतात तिथे आळीपाळीनं एकेक सोंगटी ठेवायची. ठेवलेली सोंगटी सरकवायची नाही. ती चारी बाजूंनी कोंडली गेली, तर समोरचा उचलून घेतो. शेवटी जास्त जागा ज्याच्या ताब्यात, तो जिंकला.

दक्षिण कोरिया आपल्या महाराष्ट्राच्या साधारण एक तृतीयांश. जपानमध्ये खेळ शिकून आलेल्या चो नामचुल यांनी 1945 मध्ये सोल शहरात या खेळाची संस्था काढली. पुढे युद्ध झालं, तरी काम थांबलं नाही. 1989 मध्ये चो हुनह्युन यांनी पहिला इंग चषक जिंकला आणि सगळा देश या खेळाकडे वळला. त्यांनी ली चांगहो या मुलाला घरी ठेवून शिकवलं. त्याच शिष्यानं पुढे गुरूला हरवलं!

आता बायकांचं ऐका. रुई नायवेई या चीनच्या मोठ्या खेळाडू. चीन सोडून त्या जपानला गेल्या, पण तिथे त्यांना व्यावसायिक खेळाडू म्हणून जागा मिळाली नाही. 1999 मध्ये कोरियानं त्यांना खेळू दिलं. पुढच्याच वर्षी, 2000 मध्ये, त्यांनी ली चांगहो आणि चो हुनह्युन, दोघांनाही हरवून कोरियाचा मानाचा कुकसू किताब घेतला. तोवर तो कोणत्याही बाईकडे गेला नव्हता. 2022 मध्ये कोरियाच्याच चोई जोंग सॅमसंग चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचल्या.

रुईबाईंची अक्कल जपानमध्ये होती तेवढीच कोरियात होती. फरक पडला तो दार उघडल्यामुळे. म्हणून मुलींना पटावरून उठवून लगेच भांड्यांना लावण्याआधी आपण थोडा विचार करू या.

शिकायला 9 उभ्या, 9 आडव्या रेघांचा छोटा पटही चालतो. एकीला चिंचोके, दुसरीला मक्याचे दाणे द्या. पुढच्या बैठकीत आपणही एक डाव मांडू.