भूल देणाऱ्या परिचारिकेला डॉक्टरेट कशासाठी?

कतारची राजधानी दोहा. तेथील अल सद्द या गजबजलेल्या वस्तीच्या जवळच 1982 साली सुरू झालेले हमद हे मोठे सरकारी रुग्णालय आहे. दोहाच्या रुग्णालयांत भारतातून आलेल्या परिचारिका मोठ्या संख्येने काम करतात. घरी पैसे पाठवावेत, धाकट्या भावंडांना शिकवावे, आणि जमल्यास आपणही पुढे शिकावे, ही त्यांची साधी आकांक्षा. आपल्या बेटावरच्या मुलीही हाच व्यवसाय निवडतात, म्हणून हा विषय आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

पुढे शिकण्याचा एक मार्ग अमेरिकेत आहे. तेथे शस्त्रक्रियेच्या वेळी रोग्याला भूल देण्याचे काम खास शिकलेल्या परिचारिकाही करतात. या शिक्षणासाठी 2022 सालापासून प्रवेश घेणाऱ्या प्रत्येकीला डॉक्टरेटचाच अभ्यासक्रम घ्यावा लागतो. तो किमान तीन वर्षांचा असतो. त्यात निदान 600 रोग्यांना भूल देण्याचा अनुभव आणि 2000 तासांचे प्रत्यक्ष काम पुरे करावे लागते. केवळ संशोधनाच्या पीएच.डी.हून ही पदवी वेगळी आहे. तिचा भर रोग्याच्या उशाशी करायच्या कामावर असतो.

कोणी विचारील, एवढी मोठी पदवी हवीच कशाला? प्रश्न रास्त आहे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये अ‍ॅलिस मॅगॉ नावाची परिचारिका होती. 14,000हून अधिक वेळा दिलेल्या भुलीचा वृत्तांत तिने 1906 साली प्रसिद्ध केला. त्यांत केवळ भुलीमुळे झालेला एकही मृत्यू नव्हता. तिच्यापाशी कोठली डॉक्टरेट? सावध नजर, हलका हात आणि रोग्याला धीर देणारे शब्द, हीच तिची विद्या.

पण तो काळ तोंडावरच्या जाळीवर ईथरचे थेंब सोडण्याचा होता. आज औषधे अनेक, यंत्रे अनेक, आणि टेबलावरचा रोगीही पुष्कळदा म्हातारा, मधुमेही, हृदयविकाराचा. आपल्या बेटावर मधुमेह किती घरांत शिरला आहे, हे वाचकांना सांगायला नको. अशा माणसाचा श्वास जिच्या हाती द्यायचा, तिने अधिक शिकावे यात वावगे काही नाही.

मात्र या वाटेवर एक अडचण आहे, आणि ती आधीच कळलेली बरी. अमेरिकेत परिचारिका म्हणून परवाना मिळवायला एनक्लेक्स ही परीक्षा द्यावी लागते. शिवाय भुलीच्या शिक्षणाआधी अतिदक्षता विभागात निदान एक वर्ष काम केलेले असावे लागते, आणि ते वर्ष अमेरिकेतील किंवा अमेरिकन लष्कराच्या रुग्णालयातलेच हवे. दोहात अतिदक्षता विभागात दहा वर्षे रात्री जागवल्या, तरी या हिशेबात त्या धरल्या जात नाहीत. एवढा अनुभव गाठीशी असलेल्या बाईला पुन्हा पहिल्या पायरीवर उभे राहावे लागते.

दुसरी गोष्ट परतीच्या वाटेची. भारतात भूल देण्याची जबाबदारी डॉक्टर भूलतज्ज्ञाची असते. परिचारिकेला अमेरिकेसारखा अधिकार नाही. कतारमध्ये काम करायचे तर तेथील आरोग्य मंत्रालयाचा परवाना लागतो. फ्रान्समध्ये परिचारिकेला दोन वर्षांचे भुलीचे शिक्षण देऊन मास्टरच्या दर्जाची पदविका मिळते, आणि ती भूलतज्ज्ञ डॉक्टरच्या देखरेखीखाली काम करते. आपल्या शेजारच्या रियुनियन बेटावर कायदा फ्रान्सचाच आहे. म्हणजे काम एकच, पण देश बदलला की पदवी बदलते, हक्कही बदलतात.

म्हणून पालकांना आमचे सांगणे एवढेच. मुलगी पुढे शिकते म्हणाली तर तिला अडवू नका. पण कर्ज काढण्यापूर्वी तिच्यासोबत बसून तीन गोष्टी विचारा: आजवरचा अनुभव धरला जाईल का? ही पदवी कोणत्या देशात चालेल? आणि तेथे तिला प्रत्यक्ष भूल देऊ देतील का? उत्तरे समाधानकारक असतील तर खुशाल पाठवा. नसतील तर दुसरा मार्ग शोधा, शिक्षण थांबवू नका.

शस्त्रक्रिया संपून रोगी डोळे उघडतो, तेव्हा उशाशी बसलेल्या बाईची पदवी तो विचारीत नाही. पण आपण डोळे उघडले, ते तिला तिचे काम नीट येत होते म्हणून, हे त्याच्या घरच्यांनी तरी विसरू नये.