क्षमा म्हणजे निर्दोष सुटका नव्हे

ओडिशातील मनोहरपूर येथे २२ जानेवारी १९९९ च्या रात्री जमावाने गाडीला लावलेल्या आगीत ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची फिलिप (१०) व टिमथी (६) ही मुले मृत्युमुखी पडली. हे ऑस्ट्रेलियन मिशनरी १९६५ पासून बारीपदा परिसरात होते; कुष्ठरुग्णांची सेवा हे त्यांचे जीवितकार्य. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर करताच सारा देश स्तिमित झाला.

या क्षमेचे मूळ ख्रिस्ती श्रद्धेत आहे. येशूने शिकविलेल्या प्रार्थनेत देवाकडे क्षमा मागणारा भक्त आपल्या अपराध्यांना क्षमा करण्याचेही मान्य करतो. स्वतः येशूने वधस्तंभावरून मारेकऱ्यांसाठी क्षमा मागितली. सूड घेणे हा माणसाचा अधिकार नव्हे, असे पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात बजावले. मात्र त्याच पत्रात गुन्हेगाराला शासन करण्याचा राज्यसत्तेचा अधिकार मान्य केला.

म्हणूनच क्षमा आणि कायदा यांची गल्लत करू नये, ही ग्लॅडिस यांची भूमिका होती. खटला चालला, सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये दारा सिंगची जन्मठेप कायम केली. क्षमेने दुःखही संपले नाही. द्वेषाला मात्र मनात थारा मिळाला नाही. पतीचे कार्य पुढे नेण्यासाठी ग्लॅडिस मुलीसह बारीपद्यातच राहिल्या. २००५ मध्ये त्यांना ‘पद्मश्री’ने गौरविण्यात आले. ज्या भूमीत सर्वस्व गमावले, तेथील रुग्णांची सेवा अखंड ठेवणे, हेच त्यांच्या क्षमेचे प्रत्यक्ष रूप होते.