कळकाच्या मुलखातली बासरी

शहापूरहून डोळखांबकडे किंवा मुरबाडहून टोकावड्याच्या वाटेने माळशेजकडे निघालं, की कळकाची बेटं भेटत राहतात. इथल्या ठाकर, कातकरी, वारली वस्त्यांत बांबूवर कोयता चालवता येत नाही असा माणूस विरळाच. सुपं, टोपल्या, डालगी, कणग्या, कुडाच्या भिंती, सगळं त्याचंच. तरीही या मुलखात बासरी घडवणारा कारागीर शोधावा लागतो.

याचं एक कारण बांबूच्या पेरातच आहे. कळक काटेरी आणि जाड भिंतीचा. मानवेल तर बरेचदा आतून भरीवच. लाठीला, मांडवाला उत्तम, पण फुंकर घालायला जागा नाही. बासरीला पातळ भिंतीचं, सरळ, लांब पेर लागतं. मैफलीच्या मोठ्या बासरीला दोन-अडीच फुटांचं अखंड पेर हवं, मधे गाठ चालत नाही. असा बांबू आसामच्या कछारकडे होतो. बासऱ्यांसाठी नावाजलेलं उत्तर प्रदेशातलं पिलीभीतसुद्धा त्याच बांबूवर जगतं. पन्नालाल घोष १९४० साली मुंबईत आले, त्यांनी ३२ इंची बासरी शास्त्रीय मैफलीत आणून बसवली आणि लांब पेराचं मोल वाढलं.

शहापूर-मुरबाडच्या एखाद्या पडवीत बासरी करायला बसलेल्या माणसाचा दिवस म्हणूनच आधी बांबूची वाट बघण्यात आणि मग तो निवडण्यात जातो. आलेली नळी कित्येक महिने सावलीत उभी ठेवून वाळवायची. घाई केली तर ती तडकते, हयगय केली तर घुण लागतो. वाळलेल्या ढिगातून वाकडी, चिरलेली, आत लंबगोल झालेली नळी बाजूला काढायची. उरतात त्यातल्या थोड्याच.

मग भट्टीतली लाल सळई. आधी फुंकेचं भोक पाडायचं, त्याच्या अलीकडे बूच बसवायचं आणि उघड्या नळीचा सूर ऐकायचा. त्यावर पुढच्या सहा भोकांचा हिशोब. भोक मुद्दाम लहान पाडतात, मग कानसेने हळूहळू मोठं करतात, कारण भोक वाढेल तसा सूर चढतो. वरची तीन भोकं झाकली की ‘सा’ यायला हवा, सहाही झाकली की खालचा ‘प’. कानस एकदा जास्त फिरली की चढलेला सूर सहजी उतरत नाही. मेण भरून डागडुजी होते, पण तसली बासरी जाणकार वादक घेत नाही. शेवटी दोन्ही टोकांना दोरा गुंडाळायचा, तेल द्यायचं आणि प्लास्टिकच्या पाइपात घालून कुरिअरला लावायची. या कामाचं मोल आपण फार कमी लावतो, असं माझं स्पष्ट मत आहे. जत्रेतली रंगीत बासरी आणि ही बासरी गिऱ्हाइकाला सारखीच दिसते, पण आठवडाभराचा कान हिच्यात ओतलेला असतो.

दिवाळी सरली की माहुलीच्या पायथ्याशी, आजोबा डोंगराखाली डेहण्याकडे, माळशेजच्या अंगाला मुंबई-ठाण्याच्या मंडळींचे तंबू पडू लागतात. कारागिराने अशा मुक्कामाला जरूर जावं. गिऱ्हाईक तिथे भेटतं, हे आहेच. त्याहून मोठा लाभ म्हणजे बासरीची परीक्षा. पडवीत ३० अंशांत सूर लावलेली बासरी घाटातल्या १५ अंशांच्या रात्री वाजवली, की थंड हवेत ध्वनीचा वेग मंदावतो आणि सूर उतरतो. ‘सा’ आणि कोमल ‘रे’ यांच्यात जेवढं अंतर, त्याच्या जवळजवळ निम्म्याने! वाजवता वाजवता श्वासाने नळी ऊब धरते, सूर थोडा वर सरकतो. म्हणून चार सुरांच्या बासऱ्या, दोरा, तेलाची बाटली, कानस आणि सुती पिशवी एवढं सामान बरोबर हवंच. रात्री बासरी दवात उघडी ठेवायची नाही, शेकोटीजवळ तर मुळीच नाही. ओली झालेली नळी एकदम तापली की उभी चीर जाते. झोपताना ती पांघरुणात घ्यावी.

शेजारच्या पालघर जिल्ह्यात बांबूच्या नळ्या सुरात आणणारे हात आजही आहेत. जव्हारजवळच्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा दुधी भोपळा आणि बांबू यांचा तारपा घडवतात आणि वाजवतात. त्यांच्या कलेची दखल संगीत नाटक अकादमीने घेतली. वसईतल्या भालिवलीच्या विवेक ग्रामविकास केंद्रात आदिवासी बायका बांबूचे आकाशकंदील, राख्या करतात. हात आहेत, सवय आहे. बासरीसाठी कानाचं शिक्षण तेवढं जोडायचं आहे, आणि ते गावच्या शाळेत एक पेटी आणि एक शिकवणारा मिळाला तरी सुरू होऊ शकतं.

कायद्याची अडचण तर पुष्कळ कमी झाली. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने बांबूला झाड ठरवलं होतं. २०१७ च्या दुरुस्तीने वनाबाहेरच्या जमिनीवरचा बांबू त्यातून सुटला. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलातला बांबू गौण वनोपजात धरला. २०१७ च्या दुरुस्तीमुळे शेताच्या बांधावर लावलेला बांबू शेतकरी आपल्या मर्जीने तोडू शकतो. कछारच्या लांब पेराची रोपं भातसा-काळू नद्यांच्या काठी धरतात का, पेर तेवढंच लांब सुटतं का, हे दोन-चार बांधांवर लावून बघायला हवं. काठी पक्व व्हायला तीन-चार वर्षं जातात, त्यामुळे पहिली रोपं येत्या पावसाळ्यातच लागली पाहिजेत.