मोंगोचे युद्ध आणि वऱ्हाडातली वाचनालये

परग्रहावरच्या युद्धाचे जुने कॉमिक म्हटले की पृथ्वीवर चालून आलेले राक्षस आणि त्यांना लोळवणारा नायक एवढेच डोळ्यांपुढे येते. फ्लॅश गॉर्डनची मूळ गोष्ट या ठरीव साच्यात बसत नाही. अ‍ॅलेक्स रेमंडची ही चित्रमालिका ७ जानेवारी १९३४ रोजी अमेरिकी वर्तमानपत्रांत सुरू झाली. मोंगो ग्रह पृथ्वीच्या रोखाने येतो, शास्त्रज्ञ डॉ. झार्कोव्ह फ्लॅश आणि त्याची सोबतीण डेल यांना बळजबरीने यानात घालतो आणि तिघे मोंगोवर उतरतात. तिथल्या क्रूर सम्राट मिंगविरुद्ध पुढे मोंगोचेच लोक उभे राहतात: सिंहमानवांचा थून, अर्बोरियाच्या जंगलातला बॅरिन, पंखवाल्यांचा राजा वल्टन. हा वल्टन तर आधी फ्लॅशला कैद करून भट्टीवर राबवतो आणि मग त्याचा मित्र होतो. परका तेवढा शत्रू, असे ही गोष्ट मुलांना शिकवत नाही. म्हणूनच तिचे मराठी अंक अकोला-अमरावतीच्या वाचनालयांनी बालसाहित्य म्हणून जपावेत, असे मला ठामपणे वाटते.

टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनाने मार्च १९६४ मध्ये ६० पैशांत इंद्रजाल कॉमिक्स सुरू केले. वेताळ, मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन हे नायक त्यातून मराठीतही आले. १९९० मध्ये मालिका बंद पडली. भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न वाचनालयाच्या कपाटात मानाने राहिला. भाषांतर होऊन आलेल्या फ्लॅशला ते भाग्य लाभले नाही. कारण साधे आहे. पुस्तकाला दाखल क्रमांक मिळतो, नियतकालिक मात्र काही काळाने रद्दीत जाते.

हे अंक जपण्यावर सर्वांत सबळ आक्षेप मिंगचा. त्याचा चेहरा, मिशा, पोशाख यांत आशियाई माणसाविषयीचा तेव्हाचा पाश्चात्त्य द्वेष उघड दिसतो, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. पण आपल्याकडच्या संपादकांना असली सल कळत होती. वेताळाच्या गोष्टीतले ‘सिंग’ चाचे इथे ‘सिंगा’ झाले, त्याच्या बंगाला देशाचे डेंकाली झाले. हा फेरफारही इतिहासच आहे, आणि तो दाखवायला अंक हाताशी हवा. दुसरा आक्षेप उसनेपणाचा. पण इंद्रजालनेच १९७६ मध्ये आबिद सुरतींचा बहादूर आणला. चंबळच्या डाकूंशी लढणारा हा भारतीय नायक परक्या नायकांच्याच पंगतीत वाढला. उरला प्रश्न, छापील अंकाऐवजी स्कॅन का पुरू नये, हा. पडद्यावर चित्र दिसते खरे, पण पाठीमागची जाहिरात, कागदाचा पोत, कोपऱ्यात निळ्या शाईने लिहिलेले मालकाचे नाव यांतले बरेच काही गळून जाते.

अकोल्याच्या बाबूजी देशमुख वाचनालयासारख्या जुन्या संस्थांना यासाठी मोठा खर्च करावा लागणार नाही. घरोघरच्या माळ्यांवर उरलेले अंक देणगी म्हणून मागावेत. गंजलेल्या पिना काढून ते दोऱ्याने शिवावेत, प्रत्येकाला दाखल क्रमांक द्यावा आणि मिंगविषयी चार ओळींची टीप मलपृष्ठाच्या आत चिकटवावी.