आयटीतली नोकरी, भाग ६ : रेटिंग ठरतं कुठे?

भिवंडीत यंत्रमागावरच्या कामगाराची मजुरी मीटरवर ठरते. जेवढं कापड उतरलं तेवढे पैसे. शेजारच्या मागावर जास्त निघालं म्हणून याचा दर खाली येत नाही. त्याच घरातला मुलगा इंजिनिअर होऊन ऐरोलीच्या आयटी पार्कात लागतो आणि पहिल्याच अप्रेझलला चक्रावतो. वर्षभर काम चोख, मॅनेजर पाठ थोपटणारा, आणि हातात पडतं मधलं रेटिंग. घरी निष्कर्ष तयार असतो: राजकारण झालं.

झालंही असेल. पण आधी यंत्रणा पाहू. बहुतेक मोठ्या कंपन्यांत मॅनेजरने दिलेलं रेटिंग ही नुसती शिफारस असते. निवाडा होतो 'नॉर्मलायझेशन'च्या बैठकीत. चार-सहा मॅनेजर, त्यांचा डिलिव्हरी हेड, एचआर आणि स्क्रीनवर एक्सेल. वरच्या रेटिंगच्या जागा मोजक्या, तेव्हा कुणाला तरी खाली सरकवणं आलंच. तुम्ही तिथे नसता. तुमच्या नावावर फार तर दोन मिनिटं बोलणं होतं. तेवढ्यात तुमच्या मॅनेजरला नेमकं काही सांगता आलं नाही, तर दुसऱ्या टीमचा माणूस पुढे जातो. मॅनेजर नवा असेल किंवा त्याचंच वरच्यांशी पटत नसेल, तर अख्खी टीम मार खाते. कँटीनमधल्या कुजबुजीपेक्षा हे राजकारण जास्त महागात पडतं.

वरचे २० टक्के, मधले ७०, तळाचे १० ही विभागणी गाजवली जनरल इलेक्ट्रिकच्या जॅक वेल्च यांनी. मायक्रोसॉफ्टने आपल्याकडची अशी सक्तीची क्रमवारी नोव्हेंबर २०१३ मध्ये मोडीत काढली. तिथली हुशार माणसं एकाच टीममध्ये यायला कचरत, अशी तक्रार होती. इन्फोसिसनेही २०१५ मध्ये 'बेल कर्व्ह', म्हणजे अशीच ठरलेल्या टक्क्यांची विभागणी, सोडली. पण पगारवाढीचं बजेट ठरलेलं असलं की नाव बदलूनही चढाओढ उरतेच.

भिवंडीकरांची गोची आणखी वेगळी. ऐरोलीहून घरी परतायला दिवा-वसई मार्गावर गाड्या मोजक्या, म्हणून ट्रान्स-हार्बरने ठाणे आणि पुढे रस्त्याने कशेळीचा पूल. सहाला निघालं नाही, तर काल्हेर-अंजूरफाट्याला गोदामांच्या ट्रकांत अडकायचं. सहानंतरच्या चहाला डिलिव्हरी हेडशी ओळख वाढते, तेव्हा भिवंडीकर रस्त्यात असतो.

याला उतारा लिहिण्याचा. सेल्फ अप्रेझलमध्ये 'प्रॉडक्शन सपोर्ट केला' एवढंच लिहिलं, तर बैठकीत वाचायला काही नाही. 'महिनाअखेरचा बॅच जॉब सहा तास चालायचा, तो दोनवर आणला. क्लायंटची मेल सोबत' हे मॅनेजर जसंच्या तसं वाचून दाखवू शकतो. स्वतःची टिमकी वाजवणं आपल्याला लाजिरवाणं वाटतं, पण ही टिमकी नव्हे, हिशेब आहे. आणि बढतीचं विचारायचं ते जानेवारीत. एप्रिलमध्ये पत्र हाती आल्यावर भांडून सहसा काही बदलत नाही.

या महिन्यातल्या कामाच्या पाच ओळी आजच लिहून मॅनेजरला मेल करा. ऑनसाइटसाठी नावं कशी निघतात, ते पुढच्या आठवड्यात.