दाढ काढल्यानंतरचा शेक : गैरसमज आणि वस्तुस्थिती

खालच्या जबड्यात आडवी रुतलेली अक्कलदाढ हिरडी उघडून, प्रसंगी हाडाचा थोडा अंश कोरून काढावी लागते. आणि असा रुग्ण गालाला हात लावून घरी परतला की वडीलधाऱ्या मंडळींकडून पहिली तजवीज होते ती गरम शेकाची. कोणी तव्यावर फडके तापवते, कोणी मिठाची पुरचुंडी बांधते, कोणी गरम पाण्याची पिशवी पुढे करते. या तत्परतेमागील माया निःसंशय खरी. परंतु पहिल्या दिवशी तीच रुग्णास बाधक ठरण्याचा संभव असतो. उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्ताचा ओघ वाढतो, आणि ज्या खोबणीत रक्ताची गुठळी नुकतीच धरू लागलेली असते, तिथे रक्तस्राव पुन्हा सुरू होण्यास व सूज वाढण्यास निमित्त मिळते. शेक हा आपल्या परंपरेतील मान्य उपचार आहे, एवढे म्हटल्याने हा आक्षेप दूर होत नाही. सुश्रुतसंहितेने ताप, उष्म, उपनाह आणि द्रव असे स्वेदनाचे चार प्रकार सांगितले हे खरे. परंतु रक्तपित्ताच्या, म्हणजे ज्याला रक्तस्राव होत आहे अशा रोग्यास स्वेदन वर्ज्य, हेही आयुर्वेदानेच सांगून ठेवले आहे.

पहिल्या 24 ते 48 तासांत उपयोगी पडतो तो थंड शेक. त्याने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, मज्जातंतूंतून वेदनेचे वहन मंदावते आणि ठणका सुसह्य होतो. मात्र बर्फ जितका अधिक वेळ आणि जितका त्वचेलगत, तितका गुण अधिक, हा समज घातक आहे. फ्रीजमधून काढलेला खडा उघड्या गालावर दाबून धरल्यास त्वचेला हिमदाह होऊ शकतो. त्यातही शस्त्रक्रियेच्या दिवशी भुलेचा अंमल गालावर व ओठावर काही तास टिकून असतो, तेव्हा त्वचा पोळत असल्याची वर्दी देणारी जाणीवच रजेवर गेलेली असते आणि रुग्णास इजेचा पत्ता लागत नाही. म्हणून बर्फाचे तुकडे किंवा गोठवलेल्या मटारांची पिशवी पातळ सुती फडक्यात गुंडाळून, बाहेरून, जबड्याच्या त्याच बाजूवर 15 ते 20 मिनिटे धरावी, मग तितकाच वेळ विश्रांती द्यावी, आणि जागेपणी हा क्रम जारी ठेवावा. त्यासाठी झोपमोड करण्याचे कारण नाही. मधुमेहामुळे ज्यांची स्पर्शसंवेदना मंदावली आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांची अनुज्ञा आधी घ्यावी. आइस्क्रीम खाल्ले म्हणजे शेक झाला, असेही कित्येकांस वाटते. त्या मऊ, थंड पदार्थाला हरकत नाही, परंतु बाहेरच्या शेकाचे काम त्याने भागत नाही. थंड पेय मात्र नळीने ओढून पिऊ नये, कारण त्या ओढीने गुठळी निसटू शकते.

इतके केल्यावरही गाल फुगतोच, आणि मग घरात बर्फ कमी पडल्याची किंवा शस्त्रक्रिया बिघडल्याची कुजबुज सुरू होते. हकीकत अशी, की ही सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, म्हणजे 48 ते 72 तासांच्या सुमारास, कमाल मर्यादेस पोहोचते आणि त्यानंतर आठवडाभरात बहुतांशी ओसरते. लाली, सूज, दाह आणि वेदना ही लक्षणे रोमन ग्रंथकार सेल्ससने पहिल्या शतकातच एकत्र नोंदविली होती. जखम भरून काढण्याच्या शरीराच्या उद्योगाचाच ती भाग असतात. बर्फाने वेदनेस उतार पडतो हा सर्वसाधारण अनुभव असला, तरी सूज नेमकी किती घटते याविषयी संशोधनाचे निष्कर्ष एकमुखी नाहीत. गालावर उमटणारी निळसर, पुढे हिरवट-पिवळी होणारी छटादेखील साकळलेल्या रक्ताच्या विघटनाची खूण असते. ती पू झाल्याची निशाणी नव्हे.

दोन दिवसांची मुदत संपल्यावर बर्फाचा फारसा उपयोग उरत नाही, आणि तेव्हा आजीच्या गरम शेकाला खरोखर स्थान मिळते. आखडलेले स्नायू सैल होऊन तोंड उघडणे सुकर व्हावे, यासाठी कोमट पाण्यात पिळलेला ओला फडका 15-20 मिनिटे गालावर ठेवावा; तो मनगटाच्या आतल्या बाजूस सुखावह वाटेल इतपतच उष्ण असावा. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या ही निराळी बाब आहे. त्या 24 तासांनंतर, खळखळ न करता, हलकेच कराव्यात.

शेकाच्या अधिकारकक्षेबाहेरच्या तक्रारी मात्र वेळीच ओळखणे जरूर आहे. चालू रक्तस्रावावर पहिला इलाज बर्फाचा नव्हे, तर घडी केलेला स्वच्छ गॉज चावून अर्धा तास सलग दाब देण्याचा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अकस्मात वाढलेली, कानापर्यंत जाणारी कळ ही गुठळी नाहीशी होऊन खोबणी कोरडी पडल्याची सूचना असू शकते. तिला दंतवैद्याकडूनच उपचार हवेत, आणि मशेरी किंवा तंबाखू दाबून धरणे तर त्या जखमेवर अन्यायच होय. पोटीस बांधून गळू पिकवावे, तसा जबड्यातील पू शेकून बाहेर काढण्याचा प्रयत्नही करू नये. बाहेरच्या उष्णतेने तो त्वचेच्या दिशेने वाट काढण्याचा धोका असतो आणि मूळ संसर्ग जागच्या जागीच राहतो. तिसऱ्या दिवसानंतर सूज उतरण्याऐवजी वाढू लागली किंवा ताप आला, तर त्याच दिवशी दंतवैद्यास दाखवावे. आणि गिळणे कठीण झाले, जिभेखालचा भाग कठीण होऊन वर उचलला गेला किंवा श्वास अडू लागला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.