मंदीत आधी शिकाऊ उमेदवाराची जागा का जाते?

आयटीआयचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांतील फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन झालेली मुले अप्रेंटिसशिपच्या शोधात निघतात. एखाद्या वर्षी कंपन्या स्वतःहून बोलावतात, एखाद्या वर्षी अर्जाला उत्तरही येत नाही. यात मुलांच्या गुणांपेक्षा बाजाराचा हात मोठा असतो.

१९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालील २०१९ च्या नियमांनुसार ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने ठेक्याच्या कामगारांसह एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यायचे असतात. खरी मेख या दोन आकड्यांमधल्या अंतरात आहे. मालाला मागणी असली की मालक वरच्या आकड्याकडे सरकतो आणि मागणी घटली की २.५ वर येतो. मनुष्यबळच कमी झाले तर त्याचे २.५ टक्केही कमीच होतात. कायम कामगाराला काढणे अवघड असते, शिकाऊंची नवी भरती थांबवणे सोपे. म्हणून कात्री आधी तिथेच लागते.

तेजीत दुसरी अडचण येते. जागा वाढतात, पण ठेकेदारही जास्त पैसे देऊ लागतो. त्याच नियमांनी आयटीआय उत्तीर्णाचे किमान विद्यावेतन दरमहा ७,००० रुपये ठरवले. घरात कमावते एकच माणूस असेल तर मुलगा प्रशिक्षण अर्धवट सोडून ठेक्यावर जातो. आज चार पैसे मिळतात, पण प्रमाणपत्र हातचे जाते. पुढच्या मंदीत पहिली गदा त्याच्यावरच येते.

थोडक्यात, बाजार चढो वा उतरो, फटका गरीब घराला बसतो. म्हणूनच कायद्याचे कलम ३-क आपल्यासाठी महत्त्वाचे आहे. त्यात अनुसूचित जाती-जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखून ठेवण्याची तरतूद आहे. अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती १९९० पासून बौद्धांनाही लागू आहेत.

हा प्रश्न आजचा नाही. मुंबईच्या गिरण्यांत जास्त मजुरीच्या विणकाम खात्याचे दार अस्पृश्य कामगारांना बंद होते. तुटलेला धागा जोडताना तोंडाचा वापर करावा लागे, त्यामुळे विटाळाचे कारण पुढे केले जाई. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा अन्याय ऐरणीवर आणला. कौशल्याचे दार कोणासाठी उघडते, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे.

आपण काय करावे? करार नोंदवला गेला आहे का, हे मुलांना तपासायला सांगावे. राखीव जागा भरल्या का, हे लेखी विचारावे. आणि प्रशिक्षणाचे ते एक-दोन वर्षे घराला तग धरता यावा, म्हणून विहारांनी व मंडळांनी प्रवासखर्चाचा तरी भार उचलावा.